4294967297 मूळ संख्या आहे का, आणि ती आतून कशी आहे

प्रश्न थोडक्यात असा होता: 4294967297 ही संख्या मूळ आहे का? एका छोट्या प्रोग्रॅममध्ये 2 हा पाया घेऊन केलेल्या टेस्टमध्ये ती पास झाली आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने तिचे अवयव काढून दाखवले, मग खरं कुठलं? आणि जमलं तर या संख्येचे बाकीचे गुणधर्मही सांगा, विभाजक किती, त्यांची बेरीज किती, वर्गांच्या बेरजेत मांडता येते का वगैरे.

आधी सरळ उत्तर. मूळ नाही. 4294967297 = 641 × 6700417, आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत. दुसरा प्रोग्रॅम बरोबर आहे, आणि पहिल्यातही कोडची चूक असेलच असं नाही, ती टेस्ट या संख्येपुरती आंधळी आहे आणि ते का ते खाली येईलच. आता अवयव हातात आले की नेहमीची यादी दोन मिनिटात होते: विभाजक चारच, 1, 641, 6700417 आणि ती स्वतः. चारही विभाजकांची बेरीज 4301668356. स्वतःला सोडून बाकीच्या तिघांची बेरीज 6701059, म्हणजे संख्येच्या मानाने काहीच नाही. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी 1 सोडून काहीच सामाईक नसलेल्या संख्या 640 × 6700416 = 4288266240. अंकांची बेरीज 59, म्हणून 9 ने भागलं तर बाकी 5.

पण खरं सांगू का, अशी यादी कुठल्याही संख्येची काढता येते आणि ती वाचून संख्या कळत नाही. एवढ्या वर्षात मला एक पक्कं पटलंय की मोठी संख्या समोर आली की पहिल्यांदा तिचं रूप बघायचं, ती कशातून तयार झालीय ते शोधायचं, गुणधर्म मग त्या रूपातून आपोआप बाहेर पडतात. 429 कोटी 49 लाख 67 हजार 297 असं वाचून काही दिसत नाही, पण हीच संख्या 2^32 + 1 आहे (2^32 म्हणजे 2 चा 32 वा घात). बायनरीत लिहिली तर सुरुवातीला 1, मध्ये 31 शून्यं, शेवटी 1. आता यापुढे मी जे काही लिहिणार आहे ते जवळजवळ सगळं या एका ओळीतून निघतं.

या रूपाच्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात, म्हणजे 2 चा घात अधिक 1, आणि तो घातही परत 2 चाच घात: 1, 2, 4, 8, 16, 32 असा. पहिल्या पाच येतात 3, 5, 17, 257, 65537 आणि पाचही मूळ आहेत. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने 1640 च्या सुमारास पत्रांमधून लिहिलं की या सगळ्याच मूळ असाव्यात असं त्याला वाटतं, सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. 1729 मध्ये गोल्डबाखने ऑयलरला पत्रात याबद्दल विचारलं आणि 1732 मध्ये ऑयलरने दाखवलं की सहावी संख्या, म्हणजे आपली 4294967297, 641 ने भागली जाते. आजपर्यंत त्या पाचांच्या पलीकडे एकही मूळ फर्मा संख्या सापडलेली नाही.

641 ने भाग जातो हे तपासायला भागाकारही करावा लागत नाही, आणि ही सिद्धता मला अजूनही फार आवडते. 641 दोन प्रकारे लिहायचा: 641 = 5 × 2^7 + 1 (कारण 5 × 128 = 640), आणि 641 = 5^4 + 2^4 (625 + 16). आता 641 ने भागल्यावर राहणाऱ्या बाकीच्या हिशोबात विचार करा. पहिल्या मांडणीवरून 5 × 2^7 ची बाकी −1 (म्हणजे पूर्ण भाग जायला 1 कमी पडतो). दोन्हीकडे चौथा घात घेतला की 5^4 × 2^28 ची बाकी +1. दुसरी मांडणी सांगते की 5^4 च्या जागी −2^4 घातला तरी चालतो. घाला, −2^4 × 2^28 म्हणजे −2^32 ची बाकी 1 झाली, म्हणजे 2^32 + 1 ची बाकी 0. संपलं. एवढ्या मोठ्या संख्येला हात न लावता काम झालं.

पण ही सिद्धता 641 माहीत असल्यावरची आहे. 641 सापडला कसा हा खरा प्रश्न. सरळ मूळ संख्यांनी एकेक करून भागत गेलं तर 641 ही 116 वी मूळ संख्या आहे, म्हणजे 2 सोडून 115 भागाकार, चिकाटी असेल तर हातानेही होईल. ऑयलरने त्यापेक्षा हुशारी केली. समजा प ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग प च्या हिशोबात 2^32 ची बाकी −1 आणि त्याचा वर्ग 2^64 ची बाकी 1. म्हणजे 2 ला स्वतःने गुणत गेलं तर 64 व्या पायरीला 1 येतो, त्याआधी येऊ शकत नाही, कारण आधी आला असता तर ती पायरी 64 चा विभाजक असती, म्हणजे 32 किंवा त्याचाच एखादा विभाजक, आणि मग 32 व्या पायरीलाही 1 च आला असता, तिथे तर −1 आहे. म्हणजे 2 चं चक्र बरोबर 64 लांबीचं. आणि फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की अशा चक्राची लांबी प − 1 ला भागलीच पाहिजे. म्हणून प चं रूप 64 × काहीतरी + 1 असलंच पाहिजे. आता शोधायला उरले 65, 129, 193, 257, 321, 385, 449, 513, 577, 641, आणि यात मूळ फक्त 193, 257, 449, 577, 641. पाचवा उमेदवार लागला.

1878 मध्ये ल्यूकाने हे अजून घट्ट केलं, 64 च्या जागी 128. त्याचं कारण या संख्येपुरतं अगदी उघड दाखवता येतं. 256 × 65535 = 16776960 ही संख्या घ्या. तिचा वर्ग म्हणजे 2^16 × (2^32 − 2^17 + 1). आपल्या हिशोबात 2^32 + 1 म्हणजे शून्य, म्हणून कंसात उरतं −2^17, गुणाकार −2^33, आणि −2^33 म्हणजे −2 × 2^32 म्हणजे 2. थोडक्यात 16776960 च्या वर्गाला 4294967297 ने भागलं तर बाकी 2 राहते, म्हणजे ती या जगात 2 चं वर्गमूळ आहे! आणि 2 चं चक्र 64 चं असेल तर त्याच्या वर्गमुळाचं 128 चं. म्हणून प्रत्येक मूळ अवयव 128 × काहीतरी + 1. आता उमेदवार 129, 257, 385, 513, 641, आणि यात मूळ दोनच, 257 आणि 641. यातला 257 ही आधीची फर्मा संख्या आहे आणि तो भागू शकत नाही (का ते पुढे), म्हणजे पहिलाच खरा प्रयत्न 641. 115 भागाकारांवरून पाचवर आणि पाचावरून एकावर, हे सगळं फक्त रूप बघितल्यामुळे.

हीच चाळणी वापरून 6700417 मूळ आहे हेही कागदावर सिद्ध होतं आणि हे फार कमी जण करून बघतात. त्याचं वर्गमूळ 2588 च्या आसपास, म्हणजे तो मूळ नसेल तर त्याला 2588 पर्यंतचा मूळ अवयव असलाच पाहिजे, आणि तो अवयव 4294967297 चाही अवयव असल्यामुळे त्यालाही 128 ची अट लागू. 2588 पर्यंत 128 × काहीतरी + 1 या रूपाच्या संख्या फक्त वीस, त्यातल्या मूळ 257, 641, 769, 1153, 1409 एवढ्याच. 257 बाद. 641 ने भागलं तर बाकी 44, 769 ने 120, 1153 ने 334, 1409 ने 622. चार भागाकारात 67 लाख 417 ही मूळ संख्या आहे हे पक्कं झालं, कॉम्प्युटर लागला नाही. करून बघाच, बाक्या जुळल्या की खूप समाधान वाटतं.

आता 257 का बाद. 4294967297 मधून 2 वजा करा, 4294967295 येतात. ही 2^32 − 1, म्हणजे 32 बिटमध्ये बसणारी सगळ्यात मोठी संख्या, प्रोग्रॅमिंगवाल्यांना तोंडपाठ असते. हिचे अवयव बघा: 3 × 5 × 17 × 257 × 65537. आधीच्या पाचही फर्मा संख्या, प्रत्येक एकदाच! कारण साधं आहे, 2^32 − 1 = (2^16 + 1)(2^16 − 1), मग 2^16 − 1 परत तसाच फुटतो, आणि असं खालपर्यंत. म्हणजे आपली संख्या = आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार + 2. म्हणून 3, 5, 17, 257, 65537 यातल्या कशानेही भागलं तरी बाकी 2 च राहणार. हे प्रत्येक फर्मा संख्येला लागू होतं, म्हणून कुठल्याही दोन फर्मा संख्यांमध्ये सामाईक अवयव असूच शकत नाही, आणि मग प्रत्येक फर्मा संख्या स्वतःचा नवा मूळ अवयव घेऊन येते, म्हणजे मूळ संख्या अनंत आहेत हेही जाता जाता सिद्ध झालं. ही कल्पना गोल्डबाखची.

भूमितीतही या शेजाऱ्यांचं एक नातं आहे. पट्टी आणि कंपासने कुठला सुसम बहुभुज (सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेला) काढता येतो याचं उत्तर गाउस आणि नंतर 1837 मध्ये वान्त्सेल यांच्या कामातून आलं: बाजूंच्या संख्येत विषम मूळ अवयव असतील तर ते फर्मा संख्याच असले पाहिजेत आणि प्रत्येक एकदाच. म्हणून 4294967295 बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः काढता येतो, आणि विषम बाजूंचा काढता येणारा आज माहीत असलेला सगळ्यात मोठा बहुभुज तोच. दोनच बाजू वाढवून 4294967297 केल्या की काढता येत नाही, कारण 641 आणि 6700417 फर्मा संख्या नाहीत.

वर्गांच्या बेरजेचा प्रश्न विचारला होता त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या संख्येतला माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हाच. एक मांडणी तर दिसतेच, 65536² + 1². पण आणखी एक आहे: 62264² + 20449². तपासा, 3876805696 + 418161601 = 4294967297. एखादी विषम संख्या दोन वर्गांच्या बेरजेत दोन वेगवेगळ्या प्रकारे मांडता आली की ती मूळ असूच शकत नाही, मूळ संख्येला (4 ने भागल्यावर बाकी 1 राहणाऱ्या) अशी एकच मांडणी असते. म्हणजे ही दुसरी मांडणी हाच ती मूळ नसल्याचा पुरावा, अवयव माहीत नसले तरी.

आणि नुसता पुरावा नाही, अवयवही त्यातूनच काढता येतात. ऑयलरची ही पद्धत आहे. दोन मांडण्या समोरासमोर ठेवा. समांची वजाबाकी 65536 − 62264 = 3272, विषमांची वजाबाकी 20449 − 1 = 20448. या दोघांचा मसावि 8. मग समांची बेरीज 65536 + 62264 = 127800, विषमांची बेरीज 20449 + 1 = 20450, त्यांचा मसावि 50. आता 8 आणि 50 ची निम्मी करा, 4 आणि 25, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज 16 + 625 = 641. अवयव आला! दुसरा हवा असेल तर 3272 ला आणि 20448 ला 8 ने भागा, 409 आणि 2556 मिळतात, त्यांच्या वर्गांची बेरीज 167281 + 6533136 = 6700417.

हे का होतं ते ब्रह्मगुप्ताच्या सूत्रावरून समजतं, सातव्या शतकातलं सूत्र आहे: दोन वर्गांची बेरीज गुणिले दोन वर्गांची बेरीज केली की उत्तरही दोन वर्गांची बेरीजच येते, आणि ते दोन प्रकारे येतं, एकदा मध्ये अधिक घेऊन आणि एकदा उणे घेऊन. आपले अवयव 25² + 4² आणि 2556² + 409². गुणाकार करायचे चार: 25 × 2556 = 63900, 4 × 409 = 1636, 25 × 409 = 10225, 4 × 2556 = 10224. आता पहिल्या जोडीची बेरीज 65536, दुसऱ्या जोडीची वजाबाकी 1. म्हणजे 65536² + 1². उलट केलं, पहिल्या जोडीची वजाबाकी 62264, दुसरीची बेरीज 20449. म्हणजे दुसरी मांडणी. बघा ना, 10225 आणि 10224 हे दोन आकडे एकमेकांना खेटून उभे आहेत म्हणून तो 1 आला, आणि त्याच वेळी 63900 आणि 1636 मिळून 2 चा पूर्ण 16 वा घात झाला. अवयवांच्या बाजूने बघितलं तर हा चमत्कार वाटतो, 2^32 + 1 च्या बाजूने बघितलं तर असं होणं भागच होतं. मला ही संख्या आवडते ती यासाठी. आणि मूळ अवयव दोनच असल्यामुळे अशा मांडण्याही दोनच, तिसरी शोधू नका.

याच्या उलट वर्गांची वजाबाकी. कुठल्याही विषम संख्येसारखी हीसुद्धा तशी मांडता येते, 3350529² − 3349888². फर्माची स्वतःची अवयव काढायची पद्धत हीच होती, वर्गमुळाच्या जरा वरून सुरू करून एकेक आकडा वाढवत अशी जोडी शोधायची. पण ती पद्धत दोन अवयव जवळजवळ असतील तेव्हा चालते. इथे एक 641 आणि दुसरा 67 लाखांच्या वर, त्यामुळे 65537 पासून 3350529 पर्यंत चालत जावं लागेल, साधारण 33 लाख पायऱ्या. त्याच्याच नावाच्या संख्येवर त्याची पद्धत अशी थकते.

आता तो मूळ प्रश्न, टेस्ट पास कशी झाली. फर्माची टेस्ट अशी असते: एक पाया घ्या, त्याचा (संख्या − 1) वा घात करा, संख्येने भागा, बाकी 1 आली तर संख्या बहुतेक मूळ. आपल्या संख्येसाठी 2^32 ची बाकी −1, म्हणून 2^64 ची बाकी 1, आणि संख्या − 1 म्हणजे 2^32 हा 64 च्या पटीत आहेच, म्हणून बाकी 1 येणारच. संख्या मूळ आहे की नाही याच्याशी त्याचा संबंधच नाही, तिचं रूप 2 च्या घातांचं आहे आणि पायाही 2 घेतलाय. सगळ्याच फर्मा संख्या 2 या पायाच्या टेस्टला पास होतात. मिलर–राबिनची कडक टेस्ट लावली तरी पाया 2 असेल तर ती पास होते, कारण तिथेही पाचव्या वर्गाला −1 मिळतो आणि टेस्ट समाधानी होते. पाया 4, 8, 16 घेऊनही काही फरक नाही, ते 2 चेच घात.

पाया 3 घेतला की चित्र बदलतं. फर्मा संख्यांसाठी पेपँची टेस्ट आहे, 1877 सालची: 3 चा वर्ग करत जा, आपल्या संख्येसाठी 31 वेळा, आणि दरवेळी बाकी ठेवा. शेवटी −1 आला तर आणि तरच संख्या मूळ. इथे 31 वर्गांनंतर येतो 10324303, आणि अजून एक वर्ग केला की 3029026160. मूळ असती तर पहिल्या ठिकाणी 4294967296 आणि दुसऱ्या ठिकाणी 1 आला असता. 32 वर्ग कागदावर करणं कंटाळवाणं आहे पण अशक्य नाही, आणि फर्माने हे केलं असतं तर... असो. या टेस्टची ताकद अशी की अवयव अजिबात न सापडता संख्या मूळ नाही हे ती ठामपणे सांगते. म्हणूनच आज अशा फर्मा संख्या आहेत ज्या मूळ नाहीत हे माहीत आहे पण एकही अवयव माहीत नाही, उदाहरणार्थ 2^(2^20) + 1 आणि 2^(2^24) + 1.

पुढच्या फर्मा संख्येचं थोडक्यात: 2^64 + 1 = 18446744073709551617 = 274177 × 67280421310721, आणि इथेही 274177 − 1 ला 256 ने भाग जातो, तोच नियम. 1880 मध्ये लान्द्रीने हे अवयव प्रसिद्ध केले. 2^128 + 1 साठी 1970 पर्यंत थांबावं लागलं, मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी ते कॉम्प्युटरवर केलं.

ज्यांना पोलार्डची p उणे 1 वाली पद्धत (p − 1 चे अवयव छोटे असतील तर मूळ अवयव p पटकन शोधून देणारी) माहीत आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण इथे बरेच जण अडकतात. 641 − 1 = 640 = 2^7 × 5, अवयव अगदी छोटे, म्हणून ही पद्धत 641 लगेच पकडायला हवी. पण पाया 2 ठेवला तर मसावि म्हणून अख्खी संख्याच परत येते, कारण 2 चं चक्र दोन्ही अवयवांसाठी 64 चंच आहे, त्यामुळे दोन्ही एकदम सापडतात आणि वेगळे होत नाहीत. पाया 3 घ्या, 3^640 − 1 आणि आपली संख्या यांचा मसावि 641 येतो. दुसरीकडे 6700416 = 2^7 × 3 × 17449, तो 17449 मोठा असल्यामुळे दुसरा अवयव एवढ्या लवकर पकडला जात नाही, आणि तेच आपल्याला हवं असतं.

दशांश अपूर्णांकांचं विचारलं नव्हतं पण सांगतोच. 1/641 चं आवर्तन 32 अंकांचं आहे, कारण 10^16 ची 641 ने बाकी −1 येते. आणि आपल्या संख्येचा व्यस्त बायनरीत लिहिला तर आवर्तन 64 अंकांचं, आधी 32 शून्यं आणि मग 32 एक, परत तेच.

शेवटी स्वतःचा प्रोग्रॅम दुरुस्त करण्यासाठी. पाया फक्त 2 ठेवू नका. मिलर–राबिनमध्ये 2, 7 आणि 61 हे तीन पाये घेतले तर 4759123141 च्या खालच्या सगळ्या संख्यांसाठी उत्तर शंभर टक्के बरोबर येतं, आपली संख्या त्यात बसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्हेरिएबल किती बिटचं आहे ते बघा. 32 बिटमध्ये ही संख्या बसतच नाही, ठेवायला गेलात तर आत 1 उरतो आणि मग प्रोग्रॅम 1 मूळ आहे का तेच तपासत बसेल. 64 बिटमध्ये संख्या आरामात बसते पण वर्ग करताना सांभाळा, बाकी जास्तीत जास्त 2^32 असू शकते आणि तिचा वर्ग 2^64, जो चिन्ह नसलेल्या 64 बिटमध्येही बरोबर एकाने मावत नाही आणि शून्य होतो. नेमकी हीच बाकी, 4294967296, या संख्येच्या टेस्टमध्ये पाया 2 घेतला की पाचव्या वर्गाला येते, त्यामुळे हा प्रसंग कधीतरी नाही तर दरवेळी येणार. चिन्ह असलेला 64 बिटचा प्रकार असेल तर त्याहून आधीच गडबड होते, आणि जावास्क्रिप्टमध्ये साधे नंबर 9007199254740991 पर्यंतच पूर्ण अचूक असतात, तिथे बिगइंट वापरा. पायथॉनमध्ये ही काळजी नाही, तिथे घात आणि बाकी एकदम काढणारं पॉव फंक्शन तीन आकडे देऊन वापरलं की झालं: पाया 3, घात 2147483648, भाजक 4294967297, उत्तर 10324303 आलं पाहिजे.